परदेशी निघालेल्या लेकीचा आरोग्य विमा: व्हिसाच्या फाइलआधी घरात ठरवायच्या गोष्टी

"ताई, पोरीचं विम्याचं काम तं झालंच हाय. पाच लाखाचं कार्ड हाय ना आमच्याजवळ."

कापसाचे चुकारे घ्यायला तालुक्याला आलेल्या एका बापाने माझ्या सेवा केंद्रात टेबलावर फाइल ठेवली. मुलीचा पासपोर्ट, ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणीचा दाखला, जावयाचा जर्मनीतल्या नोकरीचा करार आणि सगळ्यात वर जपून लॅमिनेट केलेलं आयुष्मान कार्ड. कार्ड खरं होतं, मुलीचं नावही बरोबर होतं. पण आयुष्मान भारत असो की महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं हे संरक्षण भारतातल्या, योजनेत नोंदलेल्या दवाखान्यांपुरतं आहे. विमान उडालं की त्याचा उपयोग संपतो. घरच्या फॅमिली फ्लोटर मेडिक्लेमचंही बहुतेक वेळा तसंच.

वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या केंद्रात आता दर हंगामात अशा दोन-चार फाइली येतात. मुलगा पुण्यातून किंवा हैदराबादेतून कंपनीमार्फत बाहेर गेलेला, लग्न गावात झालेलं, आणि मुलगी सहा महिने सासर-माहेर करत व्हिसाची वाट बघतेय. अर्जातले बाकीचे कागद लोक कसेही जमवतात. विमा मात्र शेवटच्या आठवड्यात मोबाइलवर सर्वांत स्वस्त दिसेल तो घेतला जातो. माझं म्हणणं एवढंच आहे की विमा ही फाइलला जोडायची पावती नाही. लेक घरातून निघेल त्या तारखेपासून तिकडच्या व्यवस्थेत तिचं नाव लागेल त्या तारखेपर्यंत एकही दिवस उघडा राहता कामा नये. पुढचं सगळं या दोन तारखा जुळवण्यासाठीच आहे.

आधी जावयाला फोन

पॉलिसीच्या साइटवर जायच्या आधी जावयाला तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं कागदावर लिहून घ्या. बाप विचारायला अवघडतो, "जावयाले हिशेब कसा मांगू?" म्हणतो. यात हिशेब मागण्यासारखं काही नाही. मुलीने स्वतः विचारलं तर सर्वांत चांगलं.

पहिलं, ती नेमक्या कोणत्या व्हिसावर जाणार? "डिपेंडंट" एवढं उत्तर पुरत नाही. नवरा विद्यार्थी आहे, नोकरदार आहे, संशोधक आहे की तिकडचा नागरिक, यावर विम्याची अट बदलते. दुसरं, त्याचा स्वतःचा आरोग्य विमा कोणता, सरकारी पद्धतीचा, कंपनीचा की खासगी? तिसरं, त्या विम्यात बायकोचं नाव कोणत्या दिवसापासून लागेल आणि तसं लेखी पत्र मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर बहुतेक मुलांना ठाऊक नसतं. त्यांना कंपनीच्या एचआरकडे किंवा विमा संस्थेकडे विचारायला लावा. हे पत्र महिना-दीड महिना आधी मागितलं तर आरामात येतं.

जर्मनी: नवऱ्याचा विमा कोणता, यावर सगळं

आमच्याकडे सध्या जास्त फाइली जर्मनीच्या आहेत, आणि गोंधळही तिथेच जास्त होतो.

नवऱ्याकडे जाऊन राहायचं तर नव्वद दिवसांचा पर्यटक व्हिसा चालत नाही. राष्ट्रीय, म्हणजे डी प्रकारचा व्हिसा लागतो. जर्मनीत राहणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य विमा कायद्याने सक्तीचा आहे. त्यात दोन वाटा आहेत. बहुतेक नोकरदार सार्वजनिक विमा संस्थेत असतात. तिला तिकडे क्रांकेनकासे म्हणतात. नवरा या वाटेवर असेल तर कमाई नसलेल्या बायकोचं नाव त्याच्याच विम्यात लागतं आणि तिचा वेगळा हप्ता पडत नाही. २०२६ साठी तिच्या स्वतःच्या उत्पन्नाची मर्यादा महिन्याला ५६५ युरो आहे. मिनी-जॉब, म्हणजे थोड्या कमाईची छोटी नोकरी, केला तर ती ६०३ युरोपर्यंत चालते. इथे बसून ती भारतातल्या कंपनीचं ऑनलाइन काम करत असेल आणि तेच तिकडेही चालू ठेवणार असेल, तर हा आकडा नक्की तपासा.

अशा घराने नवऱ्याकरवी क्रांकेनकासेचं पत्र मागवायचं. बायको जर्मनीत राहायला आल्यावर तिला कुटुंब विम्यात घेऊ, असं त्यात लिहिलेलं हवं. सोबत प्रवासाच्या दिवसापासूनचा प्रवासी आरोग्य विमा जोडायचा. युरोपच्या शेंगेन नियमांत या विम्याची किमान रक्कम ३०,००० युरो आहे, आणि तातडीचे उपचार, दवाखान्यात भरती, वैद्यकीय कारणाने मायदेशी आणणं व मृत्यू आल्यास पार्थिव आणणं, हे त्यात धरलेलं असावं लागतं. भारतीय कंपन्यांच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात, त्यामुळे ५०,००० डॉलरची घेतली की रक्कम पुरते. दिवस मोजताना हात आखडता घेऊ नका. पंधरा दिवसांची पॉलिसी घेतली आणि नोंदणीची अपॉइंटमेंट महिन्याने मिळाली, तर मधले पंधरा दिवस मुलगी उघडी पडते. अर्ज कराल त्या दिवशी दूतावासाच्या यादीत किती दिवसांचा विमा मागितला आहे ते वाचा, आणि त्याहून थोडा जास्तच घ्या.

दुसरी वाट खासगी विम्याची. २०२६ मध्ये वर्षाला ७७,४०० युरोंहून जास्त पगार असलेला नोकरदार ती निवडू शकतो. तरुण मुलांना सुरुवातीला हा विमा स्वस्त पडतो, म्हणून लग्नाआधी काही जण घेऊन बसतात. पण त्यात बायको फुकटात येत नाही. तिची वेगळी पॉलिसी, वेगळा हप्ता, आणि तब्येतीविषयी प्रश्नांचा लांबलचक फॉर्म. जुना आजार असेल तर कंपनी जादा हप्ता लावू शकते किंवा नकारही देऊ शकते. सार्वजनिक संस्थेला आजारावरून नाही म्हणता येत नाही. म्हणून लग्न ठरलेल्या मुलांना माझी कळकळीची विनंती आहे: जर्मनीत नुकते जात असाल आणि बायको पुढे येणार असेल, तर खासगी विम्यावर सही करण्याआधी दहा वेळा विचार करा. नंतर परत फिरणं सोपं नसतं.

आणखी एक चूक वारंवार होते. व्हिसाला चाललेला प्रवासी विमा तिकडे निवास परवान्याला चालेल असं लोक धरून चालतात. तो चालत नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयात कायमस्वरूपी विम्याचाच पुरावा लागतो.

ब्रिटन: पॉलिसी नाही, पण रक्कम मोठी

ब्रिटनला नवऱ्यासोबत राहायला जाणाऱ्या बायकोकडे विमा पॉलिसी मागत नाहीत. त्याऐवजी इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आकार, भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीला वर्षाला १,०३५ पौंड आहे. विद्यार्थी, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि अठरा वर्षांखालची मुलं यांना ७७६ पौंड. हा व्हिसाच्या सगळ्या काळाचा एकदम, अर्जासोबतच भरायचा असतो. तीन वर्षांच्या स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या नवऱ्याच्या बायकोचे ३,१०५ पौंड होतात. ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला २ वर्षे ९ महिन्यांचा व्हिसा मिळतो, तरी रक्कम तीच, कारण सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. रुपयांत हे साडेतीन लाखांच्या वर जातं, आणि व्हिसाची फी वेगळी. दीड-दोन एकरांच्या घराला हा आकडा आधी ठाऊक असायला हवा. लग्नाच्या खर्चातून उरेल, असं म्हणून भागणारी ही रक्कम नाही.

व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो. फी परत मिळत नाही. नवरा हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर असेल, उदाहरणार्थ नर्स किंवा डॉक्टर, तर त्याला आणि त्याच्यासोबत येणाऱ्या बायकोला सरचार्ज माफ आहे. हे माहीत नसल्याने उगाच कर्ज काढायला निघालेलं एक घर मी पाहिलं आहे.

पैसे ऑनलाइन कार्डाने भरायचे असतात. जिल्हा सहकारी बँकेचं एटीएम कार्ड परदेशी व्यवहाराला चालेलच असं नाही. राष्ट्रीयीकृत बँकेच्या कार्डावरही परदेशी वापर आणि मर्यादा आधी सुरू करून घ्यावी लागते. शक्य असेल तर नवऱ्यानेच तिकडच्या कार्डाने भरावं.

सहा महिन्यांहून जास्त राहायला जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणीही लागते. ती ब्रिटिश सरकारच्या यादीतल्या दवाखान्यातच करावी लागते. ग्रामीण रुग्णालयाचा एक्स-रे कितीही स्वच्छ असला तरी चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने टिकतं, त्यामुळे फार आधी काढू नका. मुलगी गरोदर असेल, किंवा तशी शंका असेल, तर एक्स-रेआधी तिथे सांगायचं. थुंकीच्या तपासणीचा पर्याय असतो.

सरचार्ज भरला की व्हिसाच्या काळात तिकडची सरकारी आरोग्यसेवा, एनएचएस, तिला तिथल्या रहिवाशांसारखीच मिळते. जुना आजार आहे म्हणून अडवत नाहीत. दात, चष्मा आणि इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीचे पैसे मात्र द्यावे लागतात.

अमेरिका: व्हिसाला अट नाही म्हणून निष्काळजी राहू नका

नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायको एच-४ वर जाते. या व्हिसासाठी आरोग्य विम्याची अट नाही. विद्यार्थ्याच्या बायकोच्या एफ-२ ला व्हिसाच्या नियमात नाही, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते. संशोधक किंवा एक्स्चेंजवर गेलेल्याच्या बायकोचा जे-२ मात्र वेगळा आहे. त्यात विमा नियमानेच लागतो: एका आजाराला किंवा अपघाताला किमान १,००,००० डॉलर, वैद्यकीय कारणाने मायदेशी नेण्यासाठी ५०,०००, पार्थिव पाठवण्यासाठी २५,०००, आणि डिडक्टिबल, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरहून जास्त नको. चारपैकी एक आकडा कमी पडला तरी पॉलिसी नियमात बसत नाही. पॉलिसी छापून घ्या आणि चारही आकड्यांवर पेनने खूण करा.

ग्रीन कार्डवर, म्हणजे कायमच्या व्हिसावर जाणाऱ्या बायकांना विमा दाखवावाच लागतो, असं सांगणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात. त्यामागे खरी गोष्ट आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी तसा आदेश काढला होता, पण तो लागू होण्याआधीच न्यायालयाने अडवला आणि १४ मे २०२१ रोजी तो रद्द झाला. या व्हिसात नवऱ्याने उत्पन्नाची हमी देणारा आय-८६४ फॉर्म भरायचा असतो, आणि नेमून दिलेल्या डॉक्टरकडे तपासणी व लसी होतात. लहानपणीच्या लसींचं कार्ड अंगणवाडी किंवा उपकेंद्रातून शोधून ठेवा. मिळालं तर काही सुया वाचतात.

अट नसली तरी अमेरिकेत विम्याशिवाय एक दिवससुद्धा राहू नये, असं मी प्रत्येक आईला सांगते. कंपनीच्या विम्यात बायकोला घ्यायची खिडकी बहुतेक ठिकाणी महिनाभरच उघडी असते. ती हुकली तर पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून विमानतळावरून घरी पोचल्या दिवशीच नवऱ्याने एचआरला मेल करावा, सोबत विवाह दाखला आणि तिच्या आगमनाची नोंद जोडावी. मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा घेताना तो "फिक्स्ड बेनिफिट" आहे का ते बघा. त्यात दर उपचाराला ठरावीक छोटी रक्कम मिळते आणि उरलेलं बिल आपल्या माथी येतं. थोडा महाग असला तरी "काँप्रिहेन्सिव्ह", म्हणजे अशी ठरावीक रक्कम न देता बिलाच्या हिशेबाने खर्च देणारा, घ्या.

आखात आणि बाकीचे देश

दुबईत २०१३ च्या कायद्याने बायको-मुलांचा विमा काढणं त्यांना स्पॉन्सर करणाऱ्याची, म्हणजे नवऱ्याची जबाबदारी आहे, आणि त्याविना निवास व्हिसा पुढे सरकत नाही. कंपनी फक्त कामगाराचाच विमा देते आणि कुटुंबाचा खर्च नवऱ्यावर पडतो, असं बऱ्याचदा असतं. नोकरीच्या पत्रात ती ओळ शोधा.

नेदरलँड्समध्ये राहायला गेल्यावर चार महिन्यांच्या आत तिकडचा मूलभूत विमा घ्यावाच लागतो. कॅनडात स्पॉन्सर झालेल्या बायकोला व्हिसासाठी विमा लागत नाही, पण ब्रिटिश कोलंबियासारख्या प्रांतात सरकारी विमा सुरू व्हायला आलेला महिना आणि पुढचे दोन महिने जातात. तेवढ्यापुरती खासगी पॉलिसी हवी. ऑस्ट्रेलियात ४८२ या कामाच्या व्हिसावर गेलेल्याच्या बायकोला पुरेसा आरोग्य विमा ठेवण्याची अट आहे.

सिकलसेल, शुगर आणि फॉर्ममधला तो प्रश्न

आपल्या भागासाठी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. विम्याच्या फॉर्मवर "पूर्वीपासून कोणता आजार आहे का" असा रकाना असतो आणि एजंट सरळ "नाही" वर टिक करतो. "कशाले सांगता, हप्ता वाढते" हे मी कानांनी ऐकलं आहे. असं करू नका. उद्या दावा केला आणि जुना रिपोर्ट निघाला की कंपनी पैसे नाकारते, आणि तेव्हा पोरगी परक्या देशातल्या दवाखान्यात एकटी असते.

विदर्भात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताच्या लाल पेशींचा आजार, अनेक घरांत आहे. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत, पण हातातल्या कागदाचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. एएस म्हणजे वाहक. तिला सहसा त्रास नसतो. एसएस म्हणजे प्रत्यक्ष आजार. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर, म्हणजे पहिल्या चाळणीच्या तपासणीवर, हे ठरत नाही. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ताच्या पक्क्या तपासणीचा रिपोर्ट लागतो. तो जिल्हा रुग्णालयातून किंवा मेडिकल कॉलेजातून करून घ्या आणि इंग्रजी प्रत फाइलमध्ये ठेवा. वाहक असेल तर फॉर्मवर वाहक असं स्पष्ट लिहा आणि रिपोर्ट जोडा, म्हणजे तिला उगाच आजारी धरणार नाहीत.

एसएस असेल तर प्रवासी विम्यावर विसंबू नका. बहुतेक प्रवासी पॉलिसी जुन्या आजाराचा खर्च देत नाहीत, किंवा जीवावर बेतल्यावरच देतात. अशा मुलीसाठी तिकडच्या व्यवस्थेत लवकरात लवकर नाव लागणं हाच खरा विमा. विमानात पाणी कमी पडलं, ऑक्सिजन कमी झाला की दुखण्याचा झटका येऊ शकतो, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना भेटा. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. थायरॉइड, शुगर, दमा यांनाही हाच नियम.

यात मुलीला कमीपणा वाटायचं काही कारण नाही, आणि सासरच्यांपासून लपवून विमा काढायची पाळी तर तिच्यावर येऊच नये.

दिवस गेले असतील तर

लग्नानंतर व्हिसाची वाट बघण्यातच सहा-आठ महिने जातात, त्यामुळे हे पुष्कळदा घडतं. प्रवासी विम्यात बाळंतपण जवळजवळ कधीच धरलेलं नसतं. तिकीट काढण्याआधी दोन गोष्टी विचारा: नवऱ्याच्या विम्यात नाव लागल्या दिवसापासून बाळंतपण धरतात की काही महिने थांबावं लागतं, आणि विमान कंपनी कितव्या आठवड्यापर्यंत नेते. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात आणि ब्रिटनच्या एनएचएसमध्ये नियमाने आलेल्या बायकोचं बाळंतपण धरलेलं असतं. खासगी पॉलिसीत थांबण्याचा काळ असू शकतो. उत्तर समाधानकारक नसेल तर बाळंतपण माहेरी करून जाणं जास्त सुरक्षित, मग व्हिसा थोडा पुढे गेला तरी चालेल.

नाव, पासपोर्ट आणि मुंबईची एक वारी

पासपोर्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, विवाह दाखल्यावर दोन्ही. आपल्याकडे मधलं नावही बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं येतं. पॉलिसीवर पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने हवं. लग्नानंतर नाव बदलण्याची कायद्याने सक्ती नाही. बदलायचंच असेल तर नागपूरच्या पासपोर्ट कार्यालयाकडून नवा पासपोर्ट हातात आल्यावरच विमा काढा, कारण नंबरही बदलतो. पॉलिसीच्या प्रमाणपत्रावर नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, देश, रक्कम आणि दोन्ही तारखा वाचूनच छापा. सुरुवातीची तारीख भारतातून निघण्याची हवी, तिकडे उतरण्याची नको. विमान रात्री बाराच्या आसपास असेल तर आदल्या दिवसाची टाका. व्हिसा नाकारल्यास पैसे परत मिळतात का, तेही विचारून घ्या.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटसाठी बहुतेकांना विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर बसून मुंबई गाठावी लागते. विम्यावरचं एक अक्षर चुकलं म्हणून परत वर्धेला आणि पुन्हा मुंबईला, असं आमच्या एका मुलीच्या बाबतीत झालं. तिच्या बापाचे त्यात सोयाबीनच्या दोन क्विंटलचे पैसे गेले. तेव्हापासून पॉलिसीची प्रत पासपोर्टशेजारी ठेवून मी आणि जाणारी मुलगी, आम्ही दोघी अक्षर न् अक्षर मोठ्याने वाचतो.

इथल्या मेडिक्लेममधून मुलीचं नाव लगेच काढू नका. ती परत आली तर जुन्या आजारांसाठी थांबण्याचा काळ, जो नियमाने तीन वर्षांपर्यंत असू शकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागू शकतो.

पोचल्यावरचे पहिले पंधरा दिवस

जर्मनीत घरी राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, आणि तो कागद लगेच क्रांकेनकासेला पाठवायचा. ब्रिटनमध्ये जवळच्या जीपीकडे, म्हणजे मोहल्ल्यातल्या सरकारी डॉक्टरकडे, आजारी पडायच्या आधीच नाव नोंदवायचं. अमेरिकेत एचआरचा मेल, आखातात विम्याचं कार्ड. नाव लागल्याचं पत्र हातात येईपर्यंत प्रवासी पॉलिसी संपू द्यायची नाही. लागलं तर संपायच्या आधीच वाढवायची, कारण संपल्यानंतर ती वाढवून मिळत नाही.

तातडीचे नंबर मुलीने निघण्याआधीच मोबाइलमध्ये टाकावेत: जर्मनीत ११२, ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिकेत ९११, अमिरातीत रुग्णवाहिकेसाठी ९९८. जीवाला धोका नाही पण डॉक्टर हवा, अशा वेळी जर्मनीत ११६११७ आणि ब्रिटनमध्ये १११. पॉलिसीची एक प्रत आणि विमा कंपनीचा मदतीचा नंबर माहेरी आईकडेही राहू द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर पॉलिसी संपायच्या आठ दिवस आधीच्या तारखेला गोल करा, आणि त्या दिवशी फोनवर जेवणाआधी हेच विचारा: "नाव लागलं का वं?"